ॲमीटरचा पासंग

सरांनी माझी प्रयोगवही दोन बोटांनी उचलली आणि सगळ्या वर्गाला दिसेल अशी धरली. मग वाचून दाखवलं. "पासंग."

वर्ग हसला. सरांनी हसणं पुरतं होऊ दिलं.

"पासंग. बाजार उठून लॅबमध्ये आला बघा. काय विकतेस इथं? वांगी?"

मी दहावीत होते. अमरावतीची शाळा. ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. एका टेबलाला चार मुली. डॉक्टरांची मुलगी जोडणी करायची, तीच रिओस्टॅट सरकवायची. मला वस्तूंना हात लावू देत नसत. मी आकडे लिहायचे. म्हणून माझ्याकडे काट्याकडे बघत राहायला वेळ होता. कळ काढलेली होती, तारांत वीज नव्हती, तरी ॲमीटरचा काटा शून्यावर नव्हता. एक घर पुढे होता.

डॉक्टरांच्या मुलीने काटा दिसला तसा आकडा लिहिला. मी प्रत्येक आकड्यातून एक घर वजा केलं आणि त्या रकान्याला नाव दिलं, पासंग. शून्य त्रुटी हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. पासंग माहीत होता. आई इतवारा बाजारात भाजी विकायची. सकाळी दुकान मांडलं की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी ती रिकामा तराजू उचलायची. पारडं कुठे झुकतं ते बघायची. हलक्या पारड्याच्या साखळीला फडक्याची एक पुरचुंडी बांधलेली होती, तिच्यात चिंचोके. एखादा काढायची, एखादा घालायची. दांडी सरळ झाली की मगच माप. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी.

सरांनी डॉक्टरांच्या मुलीची वही आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. एकच टेबल, एकच ॲमीटर, आणि माझे सगळे आकडे एका घराने कमी.

"एक घर कुठं गेलं? मापात दांडी मारायची सवय घरूनच लागते वाटतं."

मी म्हटलं, काटा आधीच पुढे आहे. ते म्हणाले, पंधरा वर्षं हाच ॲमीटर वापरतोय, मला शिकवू नकोस. पान फाड, नवं लिही. आणि उद्या आईला घेऊन ये. त्याशिवाय वहीवर सही नाही.

सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला बसणं नाही. ते वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आई आली. दुकान शेजारणीवर सोपवून. धुतलेलं लुगडं, हातात मेथीची जुडी. लॅबच्या दाराशी तिने चपला काढल्या. लॅबमध्ये कोणी चपला काढत नाही. पहिलं टेबल दाराला लागूनच होतं, आमचंच. शिपाई वर्गासाठी सामान मांडत होता.

"आत नको," सर म्हणाले. "तिथंच थांबा. नाजूक वस्तू आहेत."

मग त्यांनी माझ्या वहीबद्दल सांगितलं. मुलीला शिकवायचं की तराजूवर बसवायचं ते ठरवा, म्हणाले. आई ऐकत होती. मध्येच तिची नजर टेबलावर गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली. मला वाटलं, ती घाबरून सरांकडे बघत नाहीये.

"सर, लहान हाये पोट्टी," ती म्हणाली. "चुकलं असन तिचं. माफी करा." आणि माझ्याकडे वळून, "पाया पड सरच्या."

मी पडले. सरांच्या बुटांवर खडूची भुकटी होती. मी पान फाडलं, डॉक्टरांच्या मुलीचे आकडे उतरवले, सरांनी सही केली. मेथीची जुडी त्यांनी शिपायाला आत ठेवायला सांगितली.

त्या संध्याकाळी आई दुकान आवरत होती. मी तिच्याशी बोलले नव्हते. उरलेली कोथिंबीर ओल्या पोत्यात गुंडाळत तिने विचारलं,

"सकाळी मी आली तवा ते घड्याळासारखं यंत्र चालू होतं काय?"

"नाही."

"मंग त्याचा काटा पुढं काहून होता?"

तिला दिसलं होतं. दाराबाहेर उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा ती वस्तू बघून, तिला पहिल्या मिनिटात ते दिसलं होतं. सरांना पंधरा वर्षांत दिसलं नव्हतं.

"तुला माहीत होतं, तर माफी काहून मागितली?"

तिने तराजू उचलला, पारडी एकात एक ठेवली, साखळ्या गुंडाळल्या.

"तुले सही पायजे होती ना? मी भांडली असती त सही भेटली असती काय?" मग तराजू पिशवीत घालत, "मायं सोड. मले काय, मी रोज कोनाचं तरी आयकतो. तू नोको मागू."

माझे डोळे उघडले ते इथे, लॅबमध्ये नव्हे. तोवर मला आईची लाज वाटत होती. तिच्या चपलांची, जुडीची, तिच्या बोलण्याची. त्या संध्याकाळनंतर मला माझीच लाज वाटली. मी खरा आकडा फाडला होता आणि एका चुकीच्या माणसाच्या पाया पडले होते.

परीक्षेला तोच प्रयोग माझ्या चिठ्ठीत आला. तसाही परीक्षेत आमच्याकडे प्रयोग कोणी करत नसे. परीक्षेच्या दिवशी सर टेबलाटेबलावर फिरत आणि आकडे हळू आवाजात सांगत. सगळ्यांच्या उत्तरपत्रिकेत एकच रोध, बिनचूक, पुस्तकातल्यासारखा. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी आकडे सांगितले. मी लिहिले नाहीत. स्वतः जोडणी केली. तार दोनदा सुटली. त्याच ॲमीटरवर पाच वाचनं घेतली, वजाबाकी केली. रकान्यावर लिहिलं, पासंग.

सर परत आले. "पुन्हा?"

"सर, कळ काढलेली आहे. एकदा काटा बघा."

एवढंच बोलले. त्यांनी काट्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली होते. प्रात्यक्षिकात सर्वांत कमी.

आता मी अकोल्यात एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. जठारपेठेत खोली घेतली आहे. आईला जाऊन महिना झाला. तिचा तराजू माझ्याकडे आहे, पुरचुंडीसकट.

गेल्या आठवड्यात मी दहावीच्या वह्या तपासल्या. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाच्या वहीत सगळे आकडे गोल, बिनचूक. तो बसतो त्या टेबलावरच्या ॲमीटरचा काटा वीज नसतानाही दोन घरं पुढे असतो. त्याच्या आकड्यांत ती दोन घरं कुठेच नाहीत, वजा केल्याचीही खूण नाही. त्याने ॲमीटरकडे बघितलेलंच नाही. मी लिहिलं, प्रयोग केलेला नाही, आणि त्या प्रयोगाला शून्य गुण दिले.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. ओरडले नाहीत. एक कोरा कागद पुढे सरकवला. म्हणाले, "मॅडम, आईचं दुःख ताजं आहे, लक्ष ठिकाणावर नव्हतं, चूक झाली, एवढं लिहून द्या. अध्यक्ष समजून घेतील. तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही."

तो कागद आता माझ्यासमोर आहे. दुपारपासून आहे.

माझं लक्ष ठिकाणावर होतं. आई गेल्यापासून तेवढंच ठिकाणावर आहे. तिने माझ्यासाठी एकदा खोटी माफी मागितली आणि मला पुन्हा मागू नको म्हणून सांगितलं. तिच्या मरणाच्या आडून मी ती मागणार नाही.

उद्या साडेदहाला हा कागद कोराच परत नेईन. सोबत तो ॲमीटर नेईन. एकही तार न जोडता मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, बघा. या वेळी माझ्याकडे बघून चालणार नाही. काट्याकडे बघेपर्यंत मी तिथून हलणार नाही. बघून झाल्यावर नोकरीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. वहीतलं शून्य मी खोडणार नाही.