गायकवाडांची जागा

गावातल्या छोट्या चर्चमधली ती शेवटची उपासना होती. सतरंजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेली आणि तिच्यावर चारच माणसे, एकमेकांपासून लांब बसलेली. "जरा जवळ या," पाळक म्हणाले. कोणी हलले नाही. या मंडळीत प्रत्येक घराची बसण्याची जागा पूर्वापार ठरलेली आहे. बहुतेक घरे पुण्याला गेली, पण त्यांच्या जागा कोणी घेतल्या नाहीत. मंडळीचा सगळा इतिहास त्या मोकळ्या सतरंजीवर दिसत होता.

मी खांबाला टेकून बसलो, तशा मागून म्हाताऱ्या शांताबाई म्हणाल्या, "बसा, पण ती गायकवाडांची जागा हाय. आले की उठा."

मग माझे प्रार्थनेत लक्ष लागेना. बाहेर मोटारसायकल वाजली की मान दाराकडे वळे.

शेवटी पाळकांनी सांगितले, की पुढच्या रविवारपासून सर्वांनी तालुक्याच्या चर्चमध्ये यायचे, जीप येईल.

"तिथं आमची जागा कुठली?" शांताबाईंनी विचारले.

"कुठेही बसा, आजी. मोठं चर्च आहे."

"कुठंही बसायला मी काय पाहुणी हाय?"

पाहुणा मी होतो. मी खांबापासून उठलो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.