चमचाभर कूट

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्या डब्यात दाण्याचं कूट मीच घातलं होतं.

दिल्लीत, मयूर विहारात, आम्ही दोघं मराठी जेवणाचे डबे करतो. लक्ष्मीबाई नगरातल्या एक बाई, सरकारी नोकरीतल्या, मुलीसाठी डबा घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "मूंगफली बिल्कुल नहीं, एलर्जी है." बायको त्या मुलीची कोशिंबीर न विसरता वेगळी काढायची. एकदा डबे भरताना मी ती चाखली. पचपचीत लागली, आणि हात सवयीने कुटाच्या बरणीत गेला. कुटाशिवाय काकडी आमच्याकडे कुणी खाल्लेलीच नाही.

काय केलं ते कळलं तिसऱ्या दिवशी, ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना. एक तारा, चार ओळी. सांगूनही शेंगदाणे घातले, मुलीला धाप लागली, दोन दिवस दवाखान्यात होती.

बायको संतापली. "अहो, मी माझ्या हाताने वेगळी केली होती. धडधडीत खोटं लिहितेय ही." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "वकिलाला विचारू."

वकिलाने मार्ग सांगितले. रिव्ह्यूखाली उत्तर द्या, साइटकडे तक्रार करा, नाहीतर मानहानीची नोटीस. मग चष्मा काढून म्हणाला, "बात सच निकली तो केस में दम नहीं, भाईसाहब. मूंगफली थी क्या?"

"बिल्कुल नहीं," बायको म्हणाली. वकील माझ्याकडे बघत राहिला. मीही नाही म्हणून मान हलवली.

"फिर नोटिस दफ़्तर के पते पर भेजते हैं. सरकारी नौकरी है, मैडम खुद हटा देंगी."

आठवडाभरात बाईंनी त्या चार ओळी काढल्या. जागी लिहिलं, गैरसमज झाला, माफ करा. आपल्या लेकीचा कोंडलेला श्वास त्यांनी गैरसमज ठरवला, नोकरीसाठी.

बायकोने शिरा केला. "खऱ्याला मरण नाही, बघितलंत ना?" मी दोनदा वाढून घेतला.

ती माफी साइटवर आमच्या पानावर अजून आहे. ती वाचून, विश्वासाने, नवी माणसं डबा लावतात. तिच्याखाली मी माझ्या नावाने लिहायला हवं की बाई खरं बोलल्या होत्या, कूट मी घातलं. आणि त्याआधी हेच बायकोला तोंडाने सांगायला हवं. एवढं देणं राहिलं आहे.