पडलेलंच पान घ्यायचं

पानगळ सुरू झाली की शिंपीदादांच्या घरात पाय टाकायला जागा उरत नसे. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दोन्हीकडे पानंच पानं. खिडकीच्या चौकटीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली, परातीत पसरलेली, गादीखाली दाबून ठेवलेली. साखरेच्या डब्यात हात घालावा तर मूठभर बिया वर याव्यात. हा सगळा पसारा दादांच्या बायकोचा. त्या जवळच्याच शाळेत बालवर्गाच्या बाई होत्या.

एकदा तर बाईंनी दुकानातल्या बेतणीच्या कागदांत पानं दडवली आणि दादांनी कामाच्या घाईत त्यावरच शर्ट पसरून इस्त्री फिरवली. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर पान उमटलं, अगदी शिरांसकट! दादांनी त्याला नवा शर्ट शिवून दिला, वर त्याची बोलणी खाल्ली. बाईंनी काय करावं? तो बिघडलेला शर्ट उचलला, वर्गात नेऊन दोरीवर टांगला आणि मुलांना पानाच्या शिरा दाखवल्या. आता अशा बाईपुढे माणसाने डोकं आपटावं तरी कुठे?

शाळेत त्यांचं नाव पडलं होतं पाचोळाबाई. पहिल्यांदा ते कुणा पालकाने नाक मुरडत ठेवलं असणार, पण मुलांनी ते इतक्या लाडाने उचललं की त्यातला खवटपणा कुठल्या कुठे गेला. वर्गात पाटी-पेन्सिल होतीच, पण रोज एक तास अंगणाचा. मुलं डोळे मिटून हातातलं पान खरखरीत की गुळगुळीत ते सांगायची, बादलीतल्या पाण्यात कुठली बी तरंगते आणि कुठली बुडी मारते यावर हमरीतुमरीवर यायची, पानाला भोक पाडून कोण जेवून गेलं त्याचा शोध घ्यायची. आणि बाईंचा नियम एकच, पण कडक. झाडावरचं तोडायचं नाही, झाडाला हलवायचं नाही. पडलेलंच पान घ्यायचं.

यंदा मात्र या तासावर गदा आली. शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या होत्या, शिस्तीच्या, पण हलक्या कानाच्या नव्हेत. त्यांच्याकडे एका बापाने तक्रार केली. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. त्यांची मुलगी बालवर्गात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भुंगा म्हणत. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. "मुलीला शिकायला पाठवतो, कचरा गोळा करायला नाही. रोज खिशातून माती निघते." चार पालकांनी माना डोलावल्या. मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी पालकांना बोलावते. अंगणात मुलं काय शिकतात ते त्यांना आणि मलाही दिसू दे. नाही दिसलं, तर तो तास अक्षरांना देऊ."

बाई घरी आल्या त्या परातीतली पानं उलटीपालटी करत बसल्या. दादांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तो तास गेला ना, तर मी नुसती हजेरी घेणारी बाई उरेन. मला दुसरं काही येत नाही हो."

दादांचा सगळा जन्म बिनचूक मापं घेण्यात गेला, पण बायकोच्या कामाचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पानं-फुलं, मुलांचा खेळ, असंच ते धरून चालत. शनिवार म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड, तरी ते म्हणाले, "मी येतो. बादल्या उचलायला माणूस लागेलच."

शनिवारी सकाळी दोघं शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. अंगण आरशासारखं लख्ख होतं. पान नाही, काडी नाही, एक बी नाही! कुंपणाजवळच्या जुन्या झाडाखाली हातात खराटा घेऊन माळीमामा उभे होते, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. एरवी बाईंसाठी म्हणून हेच माळीमामा अंगणाला खराटा लावत नसत, त्यापायी वरिष्ठांची बोलणी खात. पण आज बाईंची परीक्षा! पाहुणे येणार! मग आपल्या बाईंची मान खाली जायला नको म्हणून बिचाऱ्यांनी पहाटेपासून कंबर मोडून झाडलं होतं. पाचोळा कचऱ्याच्या गाडीने कधीच नेला होता.

"कसं काय, बाई?" मामांनी विचारलं.

"छान झाडलंत, मामा," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पालक जमायला लागले. मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले. डॉक्टर पहिल्या ओळीत. मोठ्या बाई बाजूला उभ्या. दादा बायकोच्या कानाशी लागले. "अगं, घरून परात घेऊन येऊ का?"

"नको. ती पानं मुलांची वेचून झाली आहेत. त्यांना ती तोंडपाठ आहेत. दाखवायला होईल, शोधायला काय उरणार?"

"मग मी त्या फांदीला जरा हिसका देतो. कोण बघतंय? धपाधप पडतील."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दादांचा हात जागच्या जागी थिजला. "मुलं बघतायत. त्यांना रोज एक सांगायचं आणि आपल्या गळ्याशी आलं की दुसरं करायचं? तास गेला तर जाऊ दे."

दादा हात मागे घेऊन बाकावर जाऊन बसले.

बाई मुलांपुढे उकिडव्या बसल्या. "आज अंगणात काहीच नाहीये रे. काय करू या? मलाही सुचत नाहीये."

पालकांत चुळबुळ झाली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात भुंगा म्हणाली, "झाड देईल ना! त्याला वेळ द्यायचा."

आणि कुणी न सांगता ती झाडाखाली उताणी पडली. तिच्या शेजारी दुसरा, मग तिसरी. बघता बघता अख्खा वर्ग आभाळाकडे तोंड करून आडवा झाला. बाईही पदर सावरून त्यांच्यातच लवंडल्या.

"पहिलं कोण येणार?" बाईंनी विचारलं.

"ते टोकाचं, पिवळं."

"नाही, त्याच्या खालचं. त्याचा देठ वाळलाय बघ. पिवळ्याचा अजून हिरवा आहे, त्याने घट्ट धरलंय."

"मोठं आधी पडतं."

"काल छोटं आधी पडलं होतं!"

मग सगळं शांत. इतकी मुलं आणि आवाज नाही! डॉक्टर पुढे वाकून लेकीकडे बघत होते. ती हलत नव्हती. तिचे डोळे एका देठावर खिळले होते. "ही घरी जेवायलासुद्धा बसत नाही हो," ते दादांना कुजबुजत म्हणाले.

वाऱ्याची झुळूक आली. देठ वाळलेलं पान सुटलं, हेलकावे घेत, थांबत थांबत खाली यायला लागलं. "आलं, आलं!" मुलं उठली, हातांच्या ओंजळी करून त्याच्याखाली इकडून तिकडे सरकू लागली. तेवढ्यात एक पंखवाली बी गरगरत सुटली आणि पानाच्या आधी जमिनीला टेकली. झालं! हलकं कोण, मग आधी का पोचलं, पान आडवं येतं म्हणून की काय, एकच कल्ला. एकजण आपला तळवा पानाशेजारी धरून म्हणाला, "हे माझ्या हाताएवढं." दुसरी म्हणाली, "लांब आहे, पण रुंद नाहीये. तुझा हात जास्त रुंद आहे."

आता झाडालाही चेव आला असावा. एकामागून एक पानं यायला लागली. डॉक्टर कधी उठले, कधी झाडाखाली गेले, त्यांनाही कळलं नसेल. "आता ते बघा, ते पडणार!" ते बोट दाखवून ओरडले.

"नुसतं बोट नाही दाखवायचं, बाबा," भुंगाने दटावलं. "का पडणार ते सांगायचं."

डॉक्टरांनी मान वर करून बराच विचार केला, देठाबद्दल काहीतरी सांगितलं आणि साफ चुकले. भलतंच पान पडलं. मुलं टाळ्या पिटत हसली आणि डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले. मग आणखी दोन-चार पालक बाकांवरून उठले. माळीमामा खराट्यावर हनुवटी टेकून बघत होते. आपण काय करून बसलो होतो ते आत्ता त्यांच्या ध्यानात येत होतं. बाईंनी लांबूनच त्यांना हात हलवून 'असू दे' म्हटलं.

दादा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. हिला दुसरं काही येत नाही म्हणे! दादांनी जन्मभर माणसांना ताटकळत उभं केलं होतं, हात वर करा, श्वास सोडा, हलू नका. तरी माणसं हलायचीच. आणि हिने ही वाऱ्यावरची वरात नुसत्या कुतूहलावर धरून ठेवली होती.

मोठ्या बाई पालकांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

डॉक्टर केसांतली काडी काढत म्हणाले, "तक्रार मीच केली होती, तर मीच बोलतो. हा तास राहू दे. मातीचं आमचं आम्ही बघू."

"राहील," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि माळीमामा, यापुढे इथे खराटा नको." बाईंनी जवळच्या मुलाला पोटाशी धरलं.

लोक पांगू लागले. मोठ्या बाईंचं लक्ष बाकावर एकट्याच बसलेल्या दादांकडे गेलं. त्या जवळ आल्या. "आपण कोणत्या मुलाचे आजोबा?"

गल्लीत जन्मभर लोक बाईंची ओळख करून द्यायचे ती 'आपल्या शिंपीदादांची बायको' म्हणून. दादांनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि फाटकापर्यंत पोचलेल्या पालकांनीही मागे वळून पाहावं इतक्या मोठ्याने म्हणाले,

"मी कुणाचा आजोबा नाही. मी या बाईंचा नवरा!"