गरुड वर्ग विरुद्ध डबा वर्ग

अंतराळातल्या आरमाराचं मुख्य जहाज कोणतं असावं, या प्रश्नावरून माझा आणि माझ्या सख्ख्या साडूचा महिनाभर अबोला होता. म्हणजे मी धरला होता. त्यांना तो शेवटपर्यंत कळला नाही!

नव्वदीचं दशक होतं. आम्ही सुरतेला कतारगाममध्ये राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून आणि आमच्या मराठी मंडळाचा हौशी नाटककार. ('हौशी' हा शब्द मंडळाचा. मी स्वतःला नुसतं नाटककार म्हणत असे.) त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी मी मुलांचं नाटक लिहिलं. दूरच्या एका ग्रहावर माणसं अडकली आहेत, त्यांचं पाणी संपलंय, आणि पृथ्वीवरून अकरा जहाजांचं आरमार त्यांच्या सुटकेला निघतं. आरमाराची सेनापती आमची मंजू, वय वर्षं दहा. प्रत्येक मुलानं कमरेला एकेक जहाज अडकवून रंगमंचावर धावायचं होतं.

नमुन्याचं पहिलं जहाज मीच बनवलं. 'गरुड वर्ग'! पुठ्ठ्याचं, चंदेरी कागद लावलेलं, दोन्हीकडे हातभर पंख आणि पुढे चोच. मंजू टाळ्या पिटत म्हणाली, "पप्पा, तुम्ही एक नंबर सायंटिस्ट!" हे वाक्य मला तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी रविवार होता आणि कोसाडहून साडूभाऊ आले.

हिम्मतराव म्हणजे माझ्या बायकोच्या, शोभाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे धुळ्याकडचे, इथे लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, मास्तर. शिकवणारे मास्तर नव्हेत. लूम बंद पडला की तो चालू करणारे. या माणसाबद्दल माझी एकच तक्रार होती, ती म्हणजे तक्रार करायला तो जागाच ठेवत नसे. आमचा पंखा, आमचा मिक्सर, शेजारच्यांची स्कूटर, त्यांनी हात लावला की सुरू! की लगेच शोभा म्हणणार, "दाजींच्या हाताला काय गुण आहे!" लग्नाला बारा वर्षं झाली होती, माझ्या हाताला गुण असल्याचं तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मी जळायचो. लपवत नाही, पार कोळसा व्हायचो!

हिम्मतरावांनी गरुड हातात घेतला, उलटा केला, आत डोकावून बघितलं.

"झकास शे, साडूभाऊ," ते म्हणाले. "पन यामा पानी कोठे ठेवानं?"

"पाणी?"

"पानी लई जावानं शे ना त्या ग्रहवर?"

मी म्हटलं, "अहो, हे लढाऊ जहाज आहे!"

"लढाई काय रोज व्हस का? पानी रोज लागस."

शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा! मीही तेच म्हणणार होते." (ती काहीही म्हणणार नव्हती. ती कांदा चिरत होती.)

मग त्यांनी कोपऱ्यातला शिंगतेलाचा रिकामा डबा उचलला. सुरतेत घरोघरी वर्षाचं शेंगदाण्याचं तेल डब्यानं भरतात आणि तेल संपलं की त्यात तांदूळ भरतात, त्यामुळे असा पंधरा किलोचा चौकोनी डबा प्रत्येक घरात असतोच. त्याचं झाकण आणि तळ कापायचा, कडा आत वळवायच्या, खांद्यावर दोन पट्टे, वर चंदेरी रंग. झालं जहाज!

"मन्हा खातामा शंभर लूम शेतस," हिम्मतराव म्हणाले. "समदा सारखा. एकना पार्ट दुसराले बसस, म्हनून खातं चालस. जहाज बी तसंच पाहिजे. पडो, आपटो, चालू ऱ्हावाले पाहिजे."

"डबा? अंतराळात?" मी ओरडलोच. "लोक हसतील!"

निर्णय सेनापतीवर सोपवण्यात आला. मी मंजूकडे अशा नजरेनं बघितलं की दगडालाही दया आली असती. मंजूनं दोन मिनिटं विचार केला.

"कामाला काकांची जहाजं. दहा डबा चालशे. आणि पप्पांचं एक ठेवू माझ्यासाठी." मग माझा चेहरा बघून तिनं समजूत घातली, "दिसायला!"

दिसायला!! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (दोनच पोळ्या कमी खाल्ल्या, पण कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळे डबा कापण्यात गुंग होते.)

मग मी जे केलं ते सभ्य माणसानं करण्यासारखं नव्हतं. महिनाभर, कचेरी सुटल्यावर तिथेच बसून, रद्दीच्या पुठ्ठ्यांचे मी गुपचूप आणखी दहा गरुड बनवले. बेत सोपा होता. नाटकाच्या दिवशी ऐनवेळी डब्यांत काहीतरी खोट काढायची, मुलांना टोचतंय म्हणून गवगवा करायचा, आणि पडद्यामागून दहा गरुड काढून सगळ्यांना थक्क करायचं. मंजू धावत येणार, शोभा डोळे टिपणार, आणि हिम्मतराव मान खाली घालून म्हणणार, "साडूभाऊ, हारनू!" हा प्रसंग मी मनात इतक्यांदा बसवला होता की मूळ नाटकाच्या तालमीही तेवढ्या झाल्या नव्हत्या.

संमेलन दुपारी होतं, एका वाडीत. (सुरतेत लग्नकार्याच्या सभागृहाला वाडी म्हणतात.) मागच्या चिंचोळ्या खोलीत मी माझे दहा गरुड चादरीखाली आधीच आणून ठेवले होते. मंजूचा गरुडही तिथेच होता. नाटकाला पाऊण तास उरला तेव्हा मुलं डबे घालून अंगणात धावत होती. एकमेकांवर आपटत होती, पडत होती, खिदळत उठत होती. एकाचा पट्टा तुटला तर हिम्मतरावांनी क्षणात दुसऱ्या डब्याचा काढून बसवला. टोचतंय म्हणून एक कार्टं रडेल तर शपथ!

खोलीत एक जादा, अकरावा डबा होता. मास्तर लोकांना जादा पार्ट ठेवायची सवय असते. मी दार लोटलं आणि ठरवलं, की मुलांना टोचत नसेल तर मला तरी टोचलंच पाहिजे. स्वानुभवाचा पुरावा!

मी तेव्हा अंगानं काटकुळा होतो. पाय आत घातले, डबा वर ओढला. कमरेशी अडला, तेव्हा तिरका झालो, श्वास सोडला आणि कोपऱ्याकोपऱ्यानं साधून घुसलो. टोचलं! आनंदानं मी जवळजवळ ओरडलोच. मग डबा काढायला गेलो, तर तो निघेना. हिम्मतरावांनी आत वळवलेल्या कडा वर चढताना अंग चोरत होत्या आणि खाली उतरताना पँट धरून बसत होत्या. वाकता येईना. बसता येईना. घाबरून मी एक गिरकी घेतली, तर डब्याचा कोपरा चादरीत अडकला.

चादर ओढली गेली आणि पहिला गरुड माझ्या पायाखाली गेला. त्याला वाचवायला वळलो तर डब्यानं तिघांचे पंख छाटले. मागे सरलो तर दोघांवर बसलो. (बसता येत नव्हतं, तरीही!) शेवटी तोल गेला आणि मी पत्र्याच्या खणखणाटासह उरलेल्या सगळ्या आरमारावर आडवा झालो. डब्याला साधा पोचा आला नव्हता!

दार उघडलं. शोभा, हिम्मतराव, मंडळाचे अध्यक्ष आणि मंजू.

"अहो, हे काय? आणि एवढी सगळी जहाजं कुठून आली?" शोभानं विचारलं.

उत्तर द्यायची गरज पडली नाही. बारा वर्षं संसार केलेली बाई होती ती, तिला चादर बघूनच सगळं कळलं. मंजू मात्र एका चुरगळलेल्या चोचीकडे बघत होती.

"माझं जहाज," ती म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरायला लागला. "पप्पा, तुम्ही माझंच जहाज मोडलं."

आतापर्यंतच्या सगळ्या जळफळाटाचं त्या एका वाक्यानं पाणी झालं. मला डब्यासकट जमिनीत जावंसं वाटलं.

हिम्मतरावांनी मला धरून उभं केलं. डबा दोनदा ओढून बघितला आणि मान हलवली. "कात्री खातामा ऱ्हायनी. आते निंघाव नही." मग मंजूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नको बेटा. सेनापतीनं जहाज हाई काय, उभंच शे."

आणि त्यांनी तिला उचलून माझ्या खांद्यावर बसवलं!

पडदा उघडला. पुढे दहा डबे, मागे अकरावा डबा, त्यातून खाली कचेरीतली पँट, वर मी, आणि माझ्यावर सेनापती. प्रेक्षकांनी वाडी डोक्यावर घेतली. मंजू माझे कान धरून वळवायची, मी वळायचो. माझ्या दोन्ही हातांत तिनं पाण्याच्या कळश्या दिल्या होत्या, कारण पाणी पोचवायचंच होतं. माझी पाठ मोडली, पण एक थेंब सांडला नाही.

पडदा पडल्यावर मंजू माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, आपलं जहाज सगळ्यात भारी होतं!" महिनाभर ज्यासाठी मरत होतो ते मिळालं. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ती खाली उतरली आणि धावत जाऊन हिम्मतरावांना बिलगली. "काका, तुम्ही कसलं मस्त बनवलंय!"

पत्र्याची कात्री खात्यात होती आणि मला रिक्षात बसता येत नव्हतं. म्हणून हिम्मतरावांनी टेम्पो बोलावला आणि दहा डब्यांच्या मधोमध मला उभं केलं. शोभा पुढे बसायला निघाली, तेवढ्यात टेम्पोवाल्यानं फळीवरून आत डोकावून, डबे रिकामे आहेत की भरलेले, ते विचारलं, "बेन, आ डब्बा खाली छे के भरेला?"

शोभानं दहा डब्यांवरून नजर फिरवली, ती माझ्यावर आणून थांबवली, आणि निःश्वास सोडून म्हणाली, "बधा खाली छे, भाई. आ मोटो तो एकदम खाली!"