सांगोल्याची कोळंबी आणि परतीचा पाऊस

सोलापूर जिल्ह्यात कोळंबी पिकते म्हटलं की लोक हसतात. माझी मावसबहीण रेखाआक्का सांगोल्याजवळ ती पिकवते. विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं तिची डाळिंबाची बाग जळाली, तेव्हा तिनं त्याच पाण्यावर दोन तळी केली. बघायला जायचं कधीपासून मनात होतं. गेले ते मात्र तिच्या फोनमुळं. "आजच येतीस का गं? पावसानं झोडपलंय, मला काय सुचंना झालंय."

सोलापुरातल्या नवी पेठेतलं दुकान नवऱ्यावर सोपवून मी एसटी पकडली. मंगळवेढामार्गे गाड्या बऱ्याच आहेत, रस्ताही चांगला. मंगळवेढ्यात गरम भजी घेतली, ती तशीच पिशवीत टाकली. बाहेर रानं तुडुंब. शेजारचे आजोबा खुशीत म्हणाले, "औंदा टँकर न्हाय लागायचा!" मी मोबाइलवर पावसाचा अंदाज बघत होते.

फाटकाशीच आक्कानं चपला काढायला लावून माझे पाय जंतुनाशकात बुडवले. तुम्ही असं तळं बघायला निघालात तर आधी फोन करा, आणि काठावर जाऊ दिलं नाही तर रागावू नका.

"पावसाचं गोडं पाणी वर बसलंय," ती म्हणाली. "खारटपणा एकदम उतरला की कोळंबी कात टाकती. अंग मऊ पडतं, अन् मग रोग धरतो."

वरचं पाणी पाइपानं तिच्याच रानात जिरत होतं. आम्ही तळ्यांत क्षार टाकले. पाण्यात हवा घुसळणारी चाकं फिरत होती. मध्येच वीज गेली, चाकं थांबली. जनरेटर सुरू होईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचंही टाळत होतो.

सकाळी पहिल्या तळ्यातली कोळंबी मऊ, पण जाळीत टणाटण उडत होती. दुसऱ्या तळ्यातली काठाला येऊन गप्प पडलेली. आक्कानं एक उचलून उजेडात धरली. कवचावर पांढरे ठिपके! "ह्यो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. औषध न्हाय, अन् पाण्यातनं पसरतो," ती म्हणाली.

चिंचोळी एमआयडीसीत कामाला असलेल्या दाजींचा फोन आला. "त्या तळ्याची मोरी उघड. पाणी ओढ्याला सोड, घावंल तेवढी धर अन् विक."

"ओढ्यावर खाली दत्ताभाऊचं तळं हाय," आक्का म्हणाली. "त्येचं बी जाईल की."

"अगं, पर आपलं?"

तिनं फोन ठेवला. आम्ही मोरी वाळूच्या पोत्यांनी बुजवली. निरोप मिळताच दत्ताभाऊ ब्लीचिंग पावडर घेऊन धावत आले. रोग तिथंच मरावा म्हणून आम्ही ती दुसऱ्या तळ्यात ओतली. उग्र वासानं डोळे झोंबले. थोड्याच वेळात तळ्यातली हालचाल थांबली.

मी सोलापूरला परतले. "कोळंबी आणलीस का?" सगळ्यांचा एकच प्रश्न. मी आपली ढगांकडं बघत राही. फोन लावायचाही धीर होईना. आठवड्यानं आक्काचाच आला.

"दत्ताभाऊचं तळं वाचलं बघ!"

"आणि तुझं पहिलं?"

"व्हय, ते बी हाय की," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली.