एकट्या माणसांना गेलेली पत्रं

डिलाईल रोडच्या एका चाळीतली ती घटना आजही मनातून गेलेली नाही.

मी तिथल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एके सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. थोडे दिवस मुलीकडे कल्याणला राहून त्या परतल्या, तर त्यांच्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. कल्याणला जाण्याआधी, तुमची खोली विकत घ्यायची आहे, असं पत्र त्यांना टपालाने आलं होतं. मागोमाग, पत्र आपणच पाठवलं म्हणत एक माणूस आला. मालकाकडे नुसती चौकशी करतो, असं सांगून त्याने भाडेपावत्या आणि सह्या घेतल्या.

पत्रावर मोबाइल नंबर होता. तो दादरच्या एका तरुणाचा निघाला. बँकेतली नोकरी सोडून तो जागांच्या खरेदी-विक्रीत उतरू पाहत होता. त्यासाठी त्याने पहिल्यांदाच घरोघर पत्रं पाठवली होती.

"साहेब, मी कुणाच्याही घरी गेलो नाही. फोनची वाट बघत बसलो होतो."

गुन्हेगार बहुधा स्वतःला वाचवायला बघतो. हा मात्र, आजी आता राहतात कुठे, हेच पुन्हापुन्हा विचारत होता. मी चौकशीची दिशा बदलली.

"पत्रं कुणाला पाठवायची, हे कुणी ठरवलं?"

तो म्हणाला, "लालबागला एक एजंट आहे, मित्रच माझा. तो म्हणाला, सगळ्यांना कशाला पाठवतोस? एकटी राहणारी म्हातारी माणसं बघ, ती लवकर तयार होतात. नावं त्यानेच दिली."

ओळख परेडीत आजींनी त्या एजंटला लगेच ओळखलं. त्या पावत्या आणि सह्या वापरून त्यानेच खोली परस्पर विकली होती.

तरुण जबाब द्यायला आला तेव्हा आजी बाकावर बसल्या होत्या. तो त्यांच्या पाया पडला.

"तब्येतीला जपा, असं पत्रात तूच लिहिलं होतंस ना रे?" आजींनी विचारलं. "कुणी विचारत नाही आता तसं. घरी आला तो तूच, असं समजून मी त्याला चहा केला, बाबा."



एजंटला शिक्षा झाली. पण खोलीत आलेलं कुटुंबही फसलेलंच होतं, त्यामुळे खोलीचा वाद दिवाणी कोर्टात गेला. निकाल लागण्याआधीच आजी कल्याणला वारल्या.

पुढे चाळींतल्या बैठकांत, अनोळखी माणसाला सही देऊ नका, एवढंच सांगून मी थांबलो नाही. शेजारी कुणी एकटं राहत असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा, असंही सांगत राहिलो. आजींची चौकशी करायला आम्हीही गेलो, ते त्यांची खोली गेल्यावर.