आमच्या साडूंचं ‘होईल की’

या पृथ्वीतलावर आमच्या साडूंइतका चालढकल करणारा माणूस दुसरा झाला नसेल, आणि पुढे होणार असेल तर तोही अजून वाटेत कुठेतरी चहा पीत बसला असेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे साखरशेतचे, भातशेती करणाऱ्या घरातले, आणि नोकरीने सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत गुरुजी. मी जव्हारला कचेरीत कारकून. कारकुनाने दुसऱ्याच्या दिरंगाईला नावं ठेवावीत याचं कुणाला हसू येईल, पण आमच्याकडे कागद अडला तर निदान तो कुठल्या टेबलावर अडलाय हे तरी सांगता येतं. साडूंच्या बाबतीत तेवढीही सोय नव्हती. काहीही विचारा, उत्तर एकच, “होईल की!” आणि हे ते इतक्या तृप्त चेहऱ्याने म्हणत की ऐकणाऱ्याला क्षणभर वाटावं, काम झालंच. त्यांना स्वतःला तर कायमच तसं वाटे.

त्यांच्या घराचं एक कौल फुटलं होतं. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी खाली पातेलं ठेवलं. दुसऱ्या पावसाळ्यात खाट सरकवली. मग शेजारची दोन कौलं निसटली, तशी खाट आणखी सरकली. असं करत करत सातव्या वर्षी मी गेलो तेव्हा खाट चुलीपाशी पोहोचली होती आणि तिच्यावर आडवे होऊन साडू मला सांगत होते, “इथं ऊब छान असते हो.” उन्हाळ्यात तिकडे पाण्याची मारामार. बाया उजाडायच्या आत झऱ्यावर जाऊन वाटी वाटी उपसून हंडे भरत. साडू ऊन चढल्यावर कळशी घेऊन निघत आणि कोरड्या खड्ड्यापाशी बसून राहत. एकदा परत निघालेल्या एका म्हातारीने त्यांना सुनावलं, “गुरजी, पाणी तुमची वाट नाय बघत.” साडू म्हणाले, “मी बघतो की त्याची.” आणि खरंच दुपारपर्यंत बघत बसले!

पण कौल आणि पाणी एक वेळ परवडलं. या माणसाने पोटच्या मुलीचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. बारसं पुढच्या महिन्यात, मग दिवाळीत, मग जत्रेला, असं ढकलता ढकलता ती सहा वर्षांची झाली आणि बापाच्याच शाळेत पहिलीत आली. साडूंनी हजेरीपटावर लिहून ठेवलं, ‘नाव नंतर’. पुढे तपासणीला साहेब आले आणि हजेरी घेऊ लागले. “नाव नंतर,” ते वाचता वाचता थबकले, तोच पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक पोर उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हजर!” साहेबांनी साडूंना जागेवर बसवून नाव लिहून घेतलं. तेही साडूंना सुचेना, तेव्हा साहेबांनी आपल्या मुलीचं नाव दिलं. अशी ती जयश्री झाली. आमची जयू.

जयू अकरावी-बारावीला जव्हारला आमच्याकडेच राहिली. बापाचा एकही गुण तिने घेतला नव्हता. पहाटे उठून अभ्यास, मावशीला भाकऱ्यांना मदत, मग कॉलेज. तिला मास्तरीण व्हायचं होतं. बारावीला मार्क चांगले पडले, डी.एड.चा फॉर्म आणला, तिने तो सुरेख अक्षरात भरला. राहिला फक्त वडिलांचा उत्पन्नाचा दाखला. तो मोखाड्याहून काढायचा, जोडायचा आणि ठाण्याला नेऊन द्यायचा. साडू म्हणाले, “द्या इकडे, मीच जातो. मुलीचं काम आहे.” मी नको म्हणायला हवं होतं. पण मुलीच्या बापाला कुणी नको कसं म्हणायचं?

अकरा दिवस तो फॉर्म त्यांच्या कापडी पिशवीत होता. दाखला त्यांनी काढला तो शेवटच्या दिवशी सकाळी. तिथून जव्हारला उतरले आणि थेट ठाण्याची गाडी धरायची सोडून आमच्या घरी चहाला आले. मी कचेरीत होतो. माझी बायको म्हणाली, “भाऊजी, गाडी जाईल.” साडू म्हणाले, “दुसरी येईल की.” दुसरी आली ती तासाभराने. ते ठाण्याला पोहोचले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म तसाच परत घेऊन ते आमच्या ओसरीवर उभे राहिले. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळा पाणउतारा खाली मान घालून ऐकून घेतल्यावर ते हळूच म्हणाले, “पुढल्या वर्षी होईल की.” जयूने फॉर्म हातात घेतला, त्याची घडी सरळ केली, ट्रंकेत ठेवला आणि एवढंच विचारलं, “बाबा, जेवलात का?” त्या पोरीने चिडायला हवं होतं. ती चिडली नाही, म्हणून ते घरात कुणालाच सोसेना. आठवड्याने ती साखरशेतला गेली आणि काकूच्या बरोबरीने चिखलात वाकून भाताची आवणी करू लागली. साडू रविवारी भावाकडे गेले, तेव्हा त्यांनी बांधावरून ते पाहिलं. ते तसेच मागे वळून पाड्यावर परतले, असं मेव्हणीने सांगितलं.

त्यानंतर साडूंनी सुधारायचं मनावर घेतलं, आणि तो प्रकार आळसापेक्षा भयंकर होता. कामं लिहायला वही आणली आणि तिला लाल शाईने रकाने आखण्यात तीन रविवार घालवले. मग काम झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही अशी शपथ घेतली. चौथ्या दिवशी ते गवती चहा उकळून पिऊ लागले आणि त्यात चहाची पावडर नसल्यामुळे शपथ शाबूत असल्याचं सगळ्यांना पटवू लागले. शेवटी मुलांना शिकवून ठेवलं की रोज प्रार्थनेनंतर आपल्याला आठवण करायची. पोरं इमानी. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडली, “गुरजी, आज काय राह्यलंय?”

उन्हाळा सरता सरता साडू एकदा कचेरीत माझ्या टेबलाशी आले. “साडूभाऊ,” ते म्हणाले, “मला निघणं जमत नाही, हे मला कळून चुकलंय. पण एकदा कुठे बसलो की उठणंही जमत नाही. म्हणून यंदा आधीच तिथं जाऊन बसतो. तुम्ही मला फक्त गाडीत बसवून द्या.”

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काही अर्थाचं बोलला होता. साडूंना रजेची अडचण नव्हती. रजेचा अर्ज करायचाही आळस असल्यामुळे ती भरपूर साठली होती. यंदाचा बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी मी त्यांना ठाण्याच्या गाडीत बसवलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत स्टँडवर उभा राहिलो. पाड्यावरचा एक जण तिकडे बांधकामावर मजुरीला होता, त्याच्या खोलीवर ते नऊ दिवस राहिले. रोज कार्यालय उघडायच्या आत व्हरांड्यात जाऊन बसत. शिपायाने विचारलंसुद्धा, “गुरुजी, तुमची बदली इथं झाली का?” दहाव्या दिवशी कचेरीत फोन आला. “फॉर्म आले. जयूला घेऊन या.”

आम्ही पोहोचलो तेव्हा ते रांगेत पहिले उभे होते, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. जयूने तिथेच जिन्यावर बसून फॉर्म भरला, यंदा मीच काढून आणलेला दाखला जोडला, साडूंनी सही केली आणि खिडकीतून आत सरकवला. आतला कारकून हसला. “शेवटच्या तारखेला अजून पंधरा दिवस आहेत, गुरुजी. एवढी घाई कशाला?”

“घाई नाही हो,” साडू म्हणाले. “एक वर्ष उशीर झालाय.”

मी खिडकीकडे पाठ करून उगाच रस्त्यावरची वाहनं बघत राहिलो.

जयूला प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी ती पास झाली आणि पुढे दाभोशाला शाळेवर हजर झाली. त्या दिवशी आम्ही दोघं तिला पोहोचवायला जीपने गेलो होतो. साडू सुधारले होते असं कुणी समजू नये. कौलं तशीच होती. त्या सकाळी ते निघाले तेही एक पायतण मेव्हणीचं घालून. जयू वर्गात गेली. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. आत तिने हजेरीपट उघडला आणि एकेक नाव पुकारू लागली. पोरांची पूर्ण नावं, सावकाश, नीट. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. साडू “येतो, येतो” म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. दुसरा हॉर्न झाला, तिसरा झाला. सवयीने मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उठून जीपपाशी गेलो.

“थांब रे जरा,” मी ड्रायव्हरला म्हटलं. “कसली घाई आहे तुला?”